रोगाचें नांव आणि दोष

एखाद्या रोगाला जमातीचें नांव पडलें, म्हणजे तो त्या लोकांचाच दोष, असा समज रूढ होण्यास वेळ लागत नाहीं. ‘यॉज’ या त्वचारोगाचें असेंच झालें. गोंड व माडिया जमातींवरून त्यास ‘गोंडी रोग’, ‘माडिया रोग’ म्हणूं लागले. वस्तुतः हा उष्ण, दमट प्रदेशांतील दारिद्र्याचा रोग. एका मुलाच्या फोडांतून झरणारी लस दुसऱ्याच्या खरचटलेल्या कातडीस लागली, कीं तो पसरतो. रोगी बहुधा पंधरा वर्षांखालील मुलें. हेळसांड झाल्यास हाडेंही विद्रूप होतात.

उपाय मात्र सोपा होता : पेनिसिलिनचें एकच इंजेक्शन. १९५२ ते १९६४ या काळांत जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनीं ४६ देशांत सुमारें ५ कोटि लोकांवर उपचार केले. रोग ९५ टक्क्यांनीं घटला. येथेंच घात झाला. जे थोडे रोगी उरले, ते दुर्गम पाड्यांत. पहारा ढिला पडतांच रोग परतला.

भारतानें १९९६-९७ मध्यें ओरिसांतील कोरापुट जिल्ह्यांतून पुन्हा आरंभ केला आणि पुढें तें काम महाराष्ट्रासह इतर राज्यांतही नेलें. कार्यकर्ते घरोघर फिरले. रोग्याबरोबर त्याच्या सहवासांतील माणसांनाही औषध दिलें. २००३ नंतर नवा रोगी आढळला नाहीं, आणि २०१६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारत यॉजमुक्त ठरविला.

औषध दोन्ही वेळां पेनिसिलिनच होतें. पहिल्या खेपेस तें शेवटच्या झोंपडीपर्यंत पोंचलें नाहीं, दुसऱ्या खेपेस पोंचलें. दोष जमातीचा नव्हता, हें याहून स्पष्ट कशानें व्हावें?