बालरुग्णांमधील औषधप्रतिरोधी जिवाणुसंसर्ग

रुग्णालयात दाखल असलेल्या गंभीर आजारी बालकांना, नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे होणाऱ्या संसर्गास औषधप्रतिरोधी जिवाणुसंसर्ग म्हणतात. अपुऱ्या दिवसांची व कमी वजनाची नवजात अर्भके, तसेच अतिदक्षता विभागातील बालके यांना त्याचा धोका सर्वाधिक असतो.

प्रमुख जिवाणू
क्लेबसिएला न्यूमोनिए, असिनेटोबॅक्टर बाउमानी, ई. कोलाय आणि स्यूडोमोनास हे ग्राम-ऋण जिवाणू, तसेच मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा ग्राम-धन जिवाणू यांत महत्त्वाचे आहेत.

प्रतिरोधाची यंत्रणा
काही जिवाणू औषधाच्या रेणूचे विघटन करणारी विकरे तयार करतात, काही औषध पेशीबाहेर फेकतात, तर काही औषधाचे लक्ष्यच बदलून टाकतात. प्रतिरोधाची जनुके प्लाझ्मिडांद्वारे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूकडेही जाऊ शकतात. एनडीएम-१ हे विकर कार्बापेनेम गटातील प्रभावी औषधे निष्प्रभ करते. नवी दिल्लीत उपचार घेतलेल्या एका स्वीडनवासी रुग्णाकडील जिवाणूत ते प्रथम आढळले व २००९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या नावात नवी दिल्लीचा उल्लेख असल्याने भारतात वादही झाला.

संसर्गाचे मार्ग
श्वसननलिका, शिरेतील नळी व मूत्रनलिका यांवाटे जिवाणूंना शरीरात थेट वाट मिळते. परिचारक व नातेवाईक यांचे अस्वच्छ हात, दूषित उपकरणे आणि एका खाटेवर अनेक अर्भके ठेवावी लागणारी गर्दी यांमुळे संसर्ग पसरतो.

भारतातील स्थिती
दिल्लीतील तीन रुग्णालयांच्या नवजात अतिदक्षता विभागांत २०११ ते २०१४ या काळात दाखल झालेल्या १३,५३० अर्भकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तादी तपासणीत सापडलेल्या जिवाणूंत असिनेटोबॅक्टर २२ टक्के, क्लेबसिएला १७ टक्के व ई. कोलाय १४ टक्के होते. असिनेटोबॅक्टरपैकी ८२ टक्के जिवाणू बहुऔषधप्रतिरोधी होते. सेप्सिसची सुमारे दोन तृतीयांश प्रकरणे जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांतील होती. म्हणजेच अर्भकाला हे जिवाणू प्रसूतीच्या वेळी वा त्यानंतर लगेचच गाठत असावेत.

निदान व उपचार
नवजात अर्भकात ताप येईलच असे नाही. दूध न ओढणे, सुस्ती, अंग थंड पडणे, श्वास थांबणे ही लक्षणे असू शकतात. प्रतिजैविक देण्यापूर्वी रक्त संवर्धनासाठी घेणे आवश्यक असते, मात्र अहवालाची वाट पाहत उपचार लांबवता येत नाहीत. त्यामुळे आरंभीचे औषध अंदाजाने निवडावे लागते आणि जिवाणू प्रतिरोधी असल्यास मोलाचा वेळ वाया जातो. बालकांसाठी पर्यायही मर्यादित असतात. टेट्रासायक्लिनमुळे दातांवर डाग पडतात, तर अखेरचा उपाय मानले जाणारे कोलिस्टिन मूत्रपिंडांना अपाय करू शकते.

प्रतिबंध
हातांची स्वच्छता, निर्जंतुक प्रसूती, नळ्या वेळेवर काढणे, आईचे दूध व कांगारू पद्धतीची काळजी हे उपाय परिणामकारक आहेत. अहवाल आल्यावर औषध बदलणे वा संसर्ग नसल्यास ते थांबवणे यालाही तितकेच महत्त्व आहे. भारताने २०१७ मध्ये प्रतिजैविकप्रतिरोधाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, तर २०१९ मध्ये पशुखाद्य व पशुपालनातील कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली.