माथिल्ड (२५३)

मंगळ व गुरू यांच्या कक्षांदरम्यानच्या मुख्य पट्ट्यातील कार्बनयुक्त (सी वर्गीय) लघुग्रह. परिमाणे ६६ × ४८ × ४६ किमी.; सूर्यापासून सरासरी अंतर २.६५ खगोलीय एकके, प्रदक्षिणाकाळ सु. ४.३ वर्षे.

शोध : योहान पालिसा यांनी व्हिएन्ना येथून १२ नोव्हेंबर १८८५ रोजी लावला. पॅरिस वेधशाळेतील मॉरिस लोवी यांच्या पत्नीचे नाव त्याला दिले, असे मानतात.

यानभेट : २७ जून १९९७ रोजी अमेरिकेचे निअर यान १,२१२ किमी. अंतरावरून सेकंदाला सु. १० किमी. वेगाने गेले. सूर्यापासून दूर असल्याने सौरपट्टांची वीज बेताची होती; म्हणून उपकरणांपैकी फक्त कॅमेरा चालू ठेवला. त्याने पाचशेहून अधिक छायाचित्रे टिपली. सी वर्गीय लघुग्रहाचे हे पहिलेच निकटदर्शन.

घनता व विवरे : लघुग्रहाच्या ओढीने यानाच्या वेगात पडलेला सूक्ष्म फरक रेडिओ संदेशांवरून मोजला गेला. त्यावरून वस्तुमान व पुढे घनता मिळाली : घ.सेंमी.ला सु. १.३ ग्रॅम. ती कार्बनी कोंड्राइट अशनींच्या घनतेच्या जेमतेम निम्मी आहे. म्हणजे अंतर्भागाचा सु. निम्मा भाग पोकळ असावा. तो दगडगोट्यांचा सैल ढीग आहे की मूळचाच सच्छिद्र खडक, याविषयी मतभेद आहेत.

माथिल्डचे खरे महत्त्व विवरांत आहे. सरासरी त्रिज्या सु. २६ किमी. असताना निदान चार विवरांचा व्यास तिच्याहून मोठा आहे; सर्वांत मोठे कारू सु. ३३ किमी. रुंद आहे. एवढे आघात सोसूनही लघुग्रह फुटला नाही. शिवाय, नव्या आघाताने शेजारच्या विवराची कड ढासळलेली किंवा ते मातीने बुजलेले दिसत नाही. आघाताने सच्छिद्र द्रव्य बाहेर उधळण्याऐवजी जागीच दबले, हे त्याचे एक स्पष्टीकरण प्रयोगांवर आधारलेले आहे. सच्छिद्रता हीच लघुग्रहाची ढाल ठरते, हा माथिल्डने दिलेला मोलाचा धडा होय.

पृष्ठभाग पडलेल्या प्रकाशापैकी सु. ४ टक्केच परावर्तित करतो. या काळेपणामुळे विवरांना जगातील कोळसा क्षेत्रांची नावे दिली आहेत. त्यांत भारतातील दामोदर व बोकारो आहेत.

परिवलन : सु. १७.४ दिवस, असाधारण मंद. कारण अनिश्चित.

उपग्रह : यानाच्या छायाचित्रांत आढळला नाही.