गिळण्याचा त्रास : वृद्धाश्रमातील शुश्रूषा

अन्न वा पाणी तोंडातून जठरापर्यंत सुरक्षित न पोहोचणे. वृद्धांत याची मुख्य कारणे म्हणजे पक्षाघात, कंपवात, स्मृतिभ्रंश आणि दात नसणे. घास श्वासनलिकेत गेल्यास फुफ्फुसदाह होऊन जिवाला धोका संभवतो.

लक्षणे : जेवताना ठसका, जेवणानंतर आवाज ओलसर वा घरघरता होणे, घास गालात साठणे, वजन घटणे. काहींना ठसका न लागताही अन्न श्वासनलिकेत जाते.

शुश्रूषा : वृद्धाला ताठ बसवून, पूर्ण जागे असतानाच भरवावे. चमचा लहान असावा. आधीचा घास गिळल्याची खात्री करूनच पुढचा द्यावा. जेवणानंतर किमान 30 मिनिटे आडवे करू नये. तोंड रोज दोनदा स्वच्छ करावे.

आहार : ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे भातपिकाचे तालुके. तेथील रोजच्या पेजेत पातळ पाणी आणि शिते वेगळी राहतात. असे मिश्रण अनेकांना गिळायला अवघड जाते. तीच पेज घोटून एकजीव करावी. चमचा तिरका केल्यावर ती पाण्यासारखी वाहू नये, चिकटूनही राहू नये. कोरडी भाकरी टाळावी. नाचणीची दाटसर आंबील सोयीची. नेमका दाटपणा तज्ज्ञाने ठरवावा. अन्नद्रवांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 0 ते 7 असे स्तर आहेत.

तपासणी : वाचा-उपचारतज्ज्ञ गिळण्याची क्रिया तपासतात. मुंबईची अली यावर जंग संस्था (स्थापना 1983) असे तज्ज्ञ घडवते. खेड्यात मात्र भरवणाऱ्या सेविकेची सजग नजर हाच पहिला आधार. तिला प्रशिक्षण मिळणे अत्यावश्यक आहे.