पॉप्लरचा करलढा (१९२१)

लंडनच्या पूर्व भागातील पॉप्लर या बरोच्या नगरपरिषदेने, गरिबांच्या मदतीसाठी बसविल्या जाणाऱ्या स्थानिक मालमत्ताकराचा बोजा संपूर्ण शहराने वाहावा, या मागणीसाठी दिलेला लढा. परिषदेच्या ३० सदस्यांनी त्यासाठी कारावास पतकरला. या लढ्यावरून ‘पॉप्लरिझम’ ही संज्ञा इंग्लंडच्या राजकीय परिभाषेत रूढ झाली.

पार्श्वभूमी : इंग्लंडमधील स्थानिक संस्थांच्या उत्पन्नाचे मुख्य साधन ‘रेट’ हा कर होते. भारतातील घरपट्टीप्रमाणे तो स्थावर मालमत्तेच्या वार्षिक भाडेमूल्यावर आकारला जाई. तथापि तो भरण्याची जबाबदारी मालकावर नसून भोगवटादारावर असे. लहान घरांच्या बाबतीत तो बहुधा भाड्यातच समाविष्ट केलेला असे. १८३४ च्या गरीबविषयक कायद्यानुसार निराधारांचे पोषण गार्डियन मंडळांकडे सोपविलेले होते व त्यांचा खर्चही याच करातून भागे. १८६७ मध्ये लंडनसाठी एक सामाईक निधी निर्माण करण्यात आला. परंतु त्यातून प्रामुख्याने श्रमगृहातील व रुग्णालयांतील खर्चाचा काही भाग मिळे. श्रमगृहाबाहेर, आपापल्या घरी राहणाऱ्या गरजूंना दिलेल्या मदतीचा भार मात्र ज्या त्या विभागालाच सोसावा लागे.

पॉप्लर हा गोदी-कामगारांचा विभाग होता. तेथील काम अनियमित, वेतन अल्प व घरभाडी कमी होती. भाडी कमी असल्याने करयोग्य मूल्यही कमी होते. दर पौंडामागे एक पेनी कर बसविल्यास वेस्टमिन्स्टरमध्ये ३१,७१९ पौंड जमा होत, तर पॉप्लरमध्ये केवळ ३,६४३ पौंड. परिणामतः जेथे मदतीची गरज सर्वाधिक, तेथेच कराचा दरही सर्वाधिक ठेवावा लागे आणि एका गरिबाच्या मदतीचा भार त्याच्या तितक्याच गरीब शेजाऱ्यावर पडे. १९२० च्या अखेरीस सुरू झालेल्या मंदीत बेकारी झपाट्याने वाढली व ही विसंगती असह्य झाली.

नोव्हेंबर १९१९ च्या निवडणुकीत पॉप्लर परिषदेच्या ४२ पैकी ३९ जागा मजूर पक्षाने जिंकल्या आणि जॉर्ज लॅन्सबरी (१८५९–१९४०) हे महापौर झाले. परिषदेने सार्वजनिक आरोग्याच्या सेवा वाढविल्या व आपल्या कामगारांना, स्त्री-पुरुष असा भेद न करता, आठवड्याला किमान चार पौंड वेतन लागू केले.

ठराव व कारावास : आपल्या खर्चाबरोबरच लंडन परगणा परिषद, महानगर पोलीस, पाणीपुरवठा मंडळ आणि सांसर्गिक रोगांची रुग्णालये चालविणारे महानगर आश्रयालय मंडळ यांच्या मागणीची रक्कमही बरो परिषदेला याच करातून उभारावी लागे. मार्च १९२१ मध्ये परिषदेने या चार बाह्य संस्थांसाठी कर न बसविण्याचा ठराव संमत केला. या सेवांना परिषदेचा विरोध नव्हता. त्यांच्यासाठी व गरिबांच्या मदतीसाठी होणाऱ्या खर्चाच्या वाटणीला होता. परगणा परिषद व आश्रयालय मंडळ यांनी न्यायालयात धाव घेतली. २९ जुलै रोजी महापौर सॅम मार्च यांच्यासह सदस्य मिरवणुकीने उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाचा आदेश न पाळल्याबद्दल सप्टेंबरच्या प्रारंभी त्यांना अटक करण्यात आली. पुरुषांना ब्रिक्स्टन व स्त्रियांना हॉलोवे येथील तुरुंगात ठेवण्यात आले. परिषदेच्या सभा ब्रिक्स्टन तुरुंगात भरू लागल्या व त्यांसाठी स्त्री-सदस्यांना हॉलोवेहून आणले जाई. शेजारच्या बेथनल ग्रीन व स्टेपनी या बरोंनीही तसेच ठराव केले. मजूर पक्षात मात्र एकमत नव्हते. कायदाभंगाने पक्षाची राज्यकारभाराची पात्रता संशयास्पद ठरेल, असे हॅकनीचे महापौर हर्बर्ट मॉरिसन यांचे मत होते.

१२ ऑक्टोबर रोजी सदस्यांची सुटका झाली. गर्भवती असलेल्या नेली क्रेसल यांना त्यापूर्वीच सोडण्यात आले होते. लॅन्सबरी यांच्या स्नुषा मिनी लॅन्सबरी यांचे १ जानेवारी १९२२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, न्यूमोनियाने निधन झाले.

परिणाम : नोव्हेंबर १९२१ मध्ये संसदेने स्थानिक संस्थांच्या वित्तव्यवस्थेविषयी कायदा केला. त्यायोगे श्रमगृहाबाहेरील मदतीचा खर्चही, आरोग्यमंत्र्याने ठरविलेल्या मर्यादेपर्यंत, सामाईक निधीतून मिळू लागला. पॉप्लरचा कर उतरला व श्रीमंत विभागांचा वाढला. तथापि आरोग्यमंत्री आल्फ्रेड मॉन्ड यांनी ठरविलेल्या मर्यादेपेक्षा पॉप्लरचे गार्डियन अधिक मदत देत. त्यांच्यावर मॉन्ड यांनी १९२२ मध्ये घातलेले निर्बंध १९२४ मध्ये मजूर पक्षाचे मंत्री जॉन व्हीटली यांनी रद्द केले. वेतनाच्या बाबतीत मात्र परिषदेचा पराभव झाला. महागाई उतरल्यावरही चार पौंडांचे वेतन चालू ठेवल्याबद्दल लेखापरीक्षकाने सदस्यांवर ५,००० पौंडांची व्यक्तिगत वसुली लादली व १९२५ मध्ये उमरावांच्या सभागृहाने ती वैध ठरविली. निवडून आलेल्या संस्थेच्या स्वेच्छाधिकारावरील न्यायालयीन नियंत्रणाचे उदाहरण म्हणून या निर्णयाची चर्चा विधिग्रंथांत होत आली आहे.

१९२९ च्या कायद्याने गार्डियन मंडळे १९३० मध्ये बरखास्त होऊन लंडनमधील त्यांचे कार्य परगणा परिषदेकडे गेले. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा व राष्ट्रीय साहाय्य कायदा अंमलात आल्यावर रुग्णालये आणि निराधारांची मदत यांचा मुख्य भार स्थानिक करावरून राष्ट्रीय कोषावर आला. १९९० मध्ये इंग्लंडमधील निवासी घरांवरील रेटही रद्द झाला. कर कोणी भरावा याइतकेच तो कोणत्या सीमेच्या आत गोळा करून वाटावा यालाही महत्त्व असते, ही बाब पॉप्लरच्या लढ्याने सामान्य नागरिकाच्या लक्षात आणून दिली.