उन्हाचं देणं आणि वारेतलं बाळ

'ड जीवनसत्त्व' म्हटलं की आपल्याला हाडं आठवतात. ते बरोबरच आहे. पण ही गोष्ट हाडांपाशी सुरू झाली आणि बाळाच्या वारेपर्यंत पोचली. ती आज ऐकूया.

सुमारे शंभर वर्षांपूर्वी कॅथलीन व्हॉन नावाच्या डॉक्टरीणबाई श्रीनगरच्या जनाना दवाखान्यात काम करत होत्या. पडद्यात, बंद घरात दिवस काढणाऱ्या तरुण बायकांची हाडं मऊ पडलेली त्यांना दिसली. कंबरेची हाडं आत वळली की बाळाची वाट अरुंद होते. मग मूल अडतं आणि दोघांच्याही जिवावर बेततं. १९२८ साली व्हॉनबाईंनी पुस्तक लिहून सांगितलं, की याचं कारण आहे अंधार. बाईचं नशीब नव्हे.

त्याआधी, पहिल्या महायुद्धानंतर, व्हिएन्ना शहरात हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी बायकांनी मुडदूस झालेल्या बाळांना माशाच्या यकृताचं तेल दिलं, काहींना उन्हात ठेवलं. दोन्हींनी बाळं सुधारली. १९२२ साली अमेरिकेत मॅकॉलम यांनी त्या तेलात मुडदूस बरा करणारा वेगळा घटक असल्याचं दाखवलं. तेच हे ड जीवनसत्त्व.

आता दुसरं कोडं. परकं काही शरीरात शिरलं, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात. बाळ तर अर्धं बापाचं. मग आईचं शरीर त्याला नऊ महिने कसं सांभाळतं? १९५३ साली पीटर मेडावर या शास्त्रज्ञांनी हा प्रश्न मांडला.

एक धागा १९७९ साली सापडला. गर्भाशयाचं अस्तर आणि वार स्वतःच ड जीवनसत्त्वाला कामाचं रूप देतात, असं दिसलं. १९८३ साली कळलं, की पांढऱ्या पेशींतही त्याचा निरोप घेणारी जागा असते. हा निरोप मिळाला की हल्ला करणाऱ्या पेशी आवरतात आणि शांत ठेवणाऱ्या पेशींना बळ मिळतं, असं प्रयोगशाळेत आढळलं. अर्थात बाळ सांभाळण्याचं काम एकट्या 'ड'चं नाही. त्यात इतरही पुष्कळ गोष्टींचा वाटा आहे.

म्हणून कुणी सांगितलं, की हे औषध घ्या, गर्भपात टळेल, तर लगेच विश्वास ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं, की सगळ्याच गरोदर बायकांना या गोळ्या सरसकट देऊ नयेत. ज्यांना कमतरता असेल, त्यांनाच द्याव्यात. साठ हजार युनिटची पुडी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. जास्त झालं तर तेही बाधतं.

आमच्याकडे आजही गरोदर सुनेला 'नजर लागेल' म्हणून आत बसवतात. सासूबाईंना आमचं एवढंच सांगणं, की तिला अंगणात बसू द्या. अगदी कोवळ्या उन्हात हवी ती किरणं कमी असतात. ऊन जरा वर आल्यावर डोक्यावर पदर घेऊन, हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसावं. चटका बसेपर्यंत थांबू नये. हाडं दुखत असतील, उठता-बसता त्रास होत असेल, तर आशाताईंना सांगावं.

श्रीनगरच्या त्या बायकांना हे कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं. आपल्याला आता ठाऊक आहे. मग आपल्या सुनेला आपणच उन्हात बोलावू.