धमनी आणि श्वास : एका संज्ञेचा इतिहास

रक्त वाहून नेणाऱ्या नलिकांस वाऱ्याशी निगडित नाव का मिळाले, हा प्रश्न भाषाभ्यासकाइतकाच वैद्यकाच्या इतिहासकारासही विचारात घ्यावा लागतो. ‘धमनी’ हा संस्कृत शब्द ‘धम्’ म्हणजे फुंकणे या धातूपासून सिद्ध झाला आहे. ग्रीकांचा ‘आर्टेरिया’ हा शब्दही प्रारंभी श्वासनलिकेस लावला जाई. दोन्ही शब्दांचे मूळ एक नाही. कल्पना मात्र सारखी दिसते.

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एरासिस्ट्राटसाने धमन्यांतून वायुरूप प्राणतत्त्व वाहते असे मानले. मृत देहातील धमन्या बहुधा रिकाम्या आढळतात, हे लक्षात घेता हा तर्क अगदीच निराधार नव्हता. पुढे इसवीच्या दुसऱ्या शतकात गेलनने जिवंत प्राण्याची धमनी दोन ठिकाणी बांधून मधला भाग उघडला, तेव्हा आत रक्तच निघाले. १२४२ मध्ये इब्न अल्-नफीसाने रक्त फुप्फुसांतून हृदयाच्या डाव्या बाजूस येते असे प्रतिपादिले, १६२८ मध्ये हार्वेने रुधिराभिसरण सिद्ध केले आणि १६६१ मध्ये माल्पीघीने बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्यांचे वर्णन प्रसिद्ध केले.

धमनीतील वारा अशा रीतीने नाहीसा झाला. परंतु धमनीचे श्वासाशी असलेले नाते संपले नाही. १९४६ मध्ये स्वीडनच्या ऑयलर व लिलिएस्ट्रांड यांनी मांजरांवरील प्रयोगांत दाखविले की, श्वासातील ऑक्सिजन कमी होताच फुप्फुसधमनीतील दाब वाढतो. फुप्फुसाच्या ज्या भागास हवा कमी मिळते तेथील वाहिन्या आकुंचन पावतात व रक्त चांगली हवा मिळणाऱ्या भागाकडे वळते. ही योजना अल्पकाळ हितकर होय. जुनाट श्वासनलिकादाहात किंवा वातस्फीतीत मात्र हवेची उणीव सर्वत्र व सतत असते. त्यामुळे वाहिन्यांच्या भित्ती जाड होतात, हृदयाच्या उजव्या कप्प्यावर भार पडतो आणि अखेरीस पायांवर सूज येते. शरीरातील इतर धमन्याही अशा रुग्णांत अधिक ताठर आढळतात. हृदयविकाराच्या झटक्याचा धोकाही त्यांस अधिक असतो.

१९५९ मध्ये डॉ. पद्मावती व डॉ. पाठक यांनी दिल्लीतील अशा १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चुलीच्या धुराने स्त्रियांची फुप्फुसे व त्यामागोमाग हृदयही कसे जडावते, याकडे पुढे जे लक्ष वेधले गेले, त्यात या कार्याचा वाटा मोठा आहे. १९८० व १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन व ब्रिटिश चाचण्यांनी, ज्यांच्या रक्तात ऑक्सिजन फार कमी आहे अशा रुग्णांचे आयुष्य दीर्घकाळ ऑक्सिजन दिल्याने वाढते, हे दाखविले.

प्राचीनांना हे सर्व ठाऊक होते, असा निष्कर्ष व्युत्पत्तीवरून काढणे सयुक्तिक नाही. तथापि ‘दमेकरी’ आणि ‘हृदयरोगी’ अशी नावे वेगळी असली, तरी रुग्ण पुष्कळदा एकच असतो. धाप लागणाऱ्या माणसाच्या पायांवरील सूज म्हणूनच श्वासविकारापासून अलग मानता येत नाही.