ट्रंकेतली जुनी नोट

सासूबाईंच्या ट्रंकेत, पोथीच्या पानांत कधी एखादी जुनी नोट निघते. लगेच कुणीतरी म्हणतंच, "लाखांत जाईल!" विकायचं नंतर बघू, आज ती नोट वाचायला शिकूया.

पूर्वी बँक ऑफ बॉम्बेसारख्या बँका स्वतःच्या नोटा काढत. १८६१च्या कायद्यानं तो हक्क सरकारनं घेतला. म्हणून आपली सांगली बँक किंवा साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक यांच्या नोटा कधी नव्हत्याच. त्यांच्या नावाचा कागद निघाला तर ती पावती असेल, नाहीतर शेअर.

जुन्या मोठ्या नोटा एकाच बाजूनं छापलेल्या असत. टपालात चोरी होऊ नये म्हणून लोक नोट मधोमध कापून अर्धी आधी धाडत. ती पोचल्याचं कळलं की उरलेली. तेव्हा अर्धी नोट सापडली तर चुलीत घालू नका!

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली. मग १९१७ मध्ये एक रुपयाची आणि १९१८ मध्ये चक्क अडीच रुपयांची नोट आली. अडीचची १९२६ मध्ये बंद झाली, म्हणून आज तिला मोल.

आम्हाला मात्र १९४३ नंतरच्या नोटा जास्त आवडतात. तेव्हा सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार गावोगाव न्यायनिवाडे करत होतं. आजच्या सांगलीतलं वाळवा, तासगावही त्याच जिल्ह्यात होतं. त्या वेळच्या नव्या नोटांवर चेहरा इंग्रज राजाचा, सहाव्या जॉर्जचा. आणि सही महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांची. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर.

नुसत्या वयानं नोटेला भाव येत नाही. तशा किती उरल्यात, सही कुणाची, कागद किती कोरा, हे बघतात. म्हणून नोट धुऊ नका, इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच.

आणि ते फोन! ट्रॅक्टरच्या पाचच्या नोटेला लाखो रुपये देतो, आधी फी भरा म्हणतात. कधी रिझर्व्ह बँकेचंही नाव घेतात. आपण अशा नोटा विकत घेत नाही आणि कसली फीही मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय. ट्रॅक्टरची नोट दुकानात आजही पाचालाच चालते. खरंच जुनी नोट असेल तर नाण्यांच्या प्रदर्शनात नेऊन दोन-तीन संग्राहकांना दाखवा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ही कुणी आणि कशासाठी जपली होती.